‘हेलिक्स’: दार लावणारे आणि दाराआड राहिलेले

जीवघेण्या विषाणूच्या साथीवर बेतलेली ‘हेलिक्स’ ही विज्ञानकथा-मालिका जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील सायफाय वाहिनीवर सुरू झाली आणि प्रत्येकी तेरा भागांच्या दोन पर्वांनंतर थांबली. दोन्ही पर्वे मी पाहिली; लिहावेसे वाटले ते मात्र पहिल्याविषयी, आणि त्यातही त्याच्या पूर्वार्धाविषयी.

उत्तर ध्रुवप्रदेशातील एका खासगी संशोधन केंद्रात अज्ञात विषाणूचा संसर्ग होतो आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचे पथक तेथे पोहोचते. पथकप्रमुख डॉ. अॅलन फॅरागट यांचा सख्खा भाऊ पीटर हा रुग्णांपैकी एक, तर घटस्फोटित पत्नी ज्युलिया पथकातच आहे. एक भाग म्हणजे एक दिवस, अशी काटेकोर रचना असल्यामुळे कथेला आपोआप गती येते. बिली कॅम्पबेल यांचा फॅरागट जरा एकसुरी वाटतो. परंतु केंद्राचे संचालक हाताके साकारणारे हिरोयुकी सानाडा मवाळ आवाजात जेवढे सांगतात त्याहून अधिक दडवतात, आणि ते पडद्यावर असेपर्यंत नजर हलत नाही.

विषाणूची दोन रूपे आहेत. एकाने माणूस मरतो आणि देहाचा काळा चिखल होतो. दुसऱ्याने तो हिंसक होऊन इतरांना बाधा देत सुटतो. अशा रुग्णांना मालिकेत ‘व्हेक्टर’, म्हणजे वाहक, म्हटले आहे. आम्हा बेळगावकरांना हा शब्द वेगळ्या संदर्भात ठाऊक आहे. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात आढळलेल्या माकडतापाचा वाहक गोचीड आहे, आणि गोव्यातील काजूच्या बागांत मजुरीला गेलेल्या आपल्या जिल्ह्यातील माणसांना २०१६ मध्ये तोच ताप आला होता. पाचोळ्यात दिसतही नाही इतक्या लहान किड्याची ती भीती लक्षात घेतली, तर तोंडातून काळा द्राव ओकणारे मालिकेतले रुग्ण थोडे बाळबोध वाटतात.

खरी ताकद आहे ती विलगीकरणाच्या प्रसंगांत. बाधितांना एका मजल्यावर कोंडले जाते, आणि काल रुग्ण तपासणारी ज्युलियाच पुढे त्यांच्यात जाऊन पडते. तेव्हा दाराच्या या बाजूला उभ्या असलेल्या सहकाऱ्यांच्या चेहऱ्यांवर जी अपराधी सावधगिरी दिसते, ती लेखक-दिग्दर्शकांनी विलक्षण संयमाने टिपली आहे. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरील कोगनोळीच्या नाक्यावर २०२१ मध्ये करोना चाचणीचा अहवाल हातात धरून रांगेत उभे राहिलेल्यांना, ज्यांची सोयरीक निम्मी कागल-कोल्हापुरात आणि निम्मी निपाणी-बेळगावात आहे, त्यांना हे प्रसंग परके वाटणार नाहीत. दार लावण्याचा निर्णय चुकीचा नसतो. तरीही तो घेणाऱ्याला झोप लागत नाही, हे मालिकेने ओळखले आहे.

दुर्दैवाने हा धागा ती स्वतःच सोडते. उत्तरार्धात अमर माणसे येतात, जगावर ताबा मिळवू पाहणारी इलारिया ही कंपनी येते, आणि साथ केवळ निमित्तापुरती उरते. विषाणू कसा पसरतो, चाचणी कितपत भरवशाची आहे, औषध आधी कोणाला द्यायचे, या प्रश्नांवर मालिका जोवर रेंगाळते तोवर ती पकड घेते. कट-कारस्थानांची गर्दी झाल्यावर पात्रांचे मरणही हिशेबातले वाटू लागते. दुसऱ्या पर्वात बेट, मठ आणि तीस वर्षांच्या अंतराने चालणारी दोन कथानके आहेत. ते पाहिले नाही तरी काही बिघडत नाही.

बेळगावच्या टिळकवाडीतल्या ज्या व्हॅक्सिन डेपोत आपण सकाळी फिरायला जातो, तेथे एके काळी देवीची लस तयार होत असे. अशा गावातल्या प्रेक्षकाला प्रयोगशाळेतील प्रसंग अधिक हवेत असे वाटले, तर नवल नाही. एक सूचना मात्र आवर्जून करतो: पहिला भाग जेवताना लावू नये. आमच्याकडे त्या रात्रीची आमटी तशीच राहिली.