विंच की ओढायचा दोर: ऑफ-रोड गाडीला काय हवं?

पहिला प्रश्न एकच: तुम्ही एकटे जाता का? सोबत दुसरी गाडी असेल तर कायनेटिक दोर आणि चाकाखाली घालायच्या दोन ट्रॅक्शन पाट्या बहुतेक वेळा पुरतात. हा दोर ताणला की सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लांबतो आणि आकसताना रुतलेली गाडी उपसून काढतो. वजन नगण्य, वायरिंग नाही. पण ओढणारी गाडीच नसेल तर तो नुसता दोर.

विंच म्हणजे गाडीच्या पुढे बसवलेलं, ड्रमवर दोर गुंडाळत गाडी ओढणारं विजेचं यंत्र. ते एकट्याला सोडवतं, तेही सावकाश आणि ताब्यात ठेवून. खोल चिखलात किंवा चढावर मला त्याचाच भरवसा वाटतो. मात्र समोर भक्कम झाड किंवा खडक हवा. उघड्या वाळूत दोर कशाला बांधणार? क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट घ्यावी: २,००० किलोला ३,००० किलो. ही क्षमता ड्रमवर दोराचा एकच थर असतानाची असते, थर वाढले की ओढ कमी होते. कप्पी लावली तर ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा. शिवाय पूर्ण भाराला मोटर ४०० अँपिअरच्या आसपास करंट खेचते, म्हणून बॅटरी उतरू नये यासाठी इंजिन चालू ठेवाच. पुढच्या सस्पेन्शनवर कायमचं ओझं येतं ते वेगळंच.

ताणलेल्या दोराच्या रेषेत मात्र कुणालाही उभं राहू देऊ नका, दोन्ही पर्यायांत.

एकट्याने दूर जात असाल तर विंच घ्याच. नाहीतर आधी चांगले टायर, मग दोर.