'गॉड अँड टाइम: फोर व्ह्यूज' : वाद उत्तम, पण त्रैक्याची कसोटी वाचकानेच लावायची

देव काळाच्या बाहेर आहे की काळात, या ख्रिस्ती वादावर एकच पुस्तक घ्यायचं असेल तर अजूनही हेच घ्यावं. 2001 साली अमेरिकेतल्या इंटरव्हर्सिटी प्रेसने काढलेलं, ग्रेगरी गॅन्सल यांनी संपादित केलेलं, अडीचशेच्या आसपास पानांचं हे इंग्रजी पुस्तक. लेखक चार: पॉल हेल्म, ॲलन पॅजेट, विल्यम लेन क्रेग आणि निकोलस वोल्टरस्टॉर्फ. प्रत्येकाचा एक निबंध, त्यावर उरलेल्या तिघांचे आक्षेप, मग मूळ लेखकाचं उत्तर. म्हणजे चार निबंध, बारा आक्षेप, चार उत्तरं. पैसे वसूल होतात ते त्या बारा आक्षेपांत. या मंडळींची मतं त्यांच्या स्वतंत्र लेखनातही सापडतात. पण समोरच्याने कोंडीत पकडल्यावर कोण काय सोडून देतो आणि कशाला शेवटपर्यंत चिकटून राहतो, ते इथेच दिसतं.

तक्रार एकच, पण ती मोठी आहे. पुस्तक ख्रिस्ती देवाबद्दल आहे आणि त्रैक्याला, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणुकीला, त्यात स्वतंत्र प्रकरण नाही. चर्चमध्ये 'काळाच्या आधी' या प्रश्नावर रान पेटलं ते त्रैक्यामुळेच. पुत्र काळाच्या आधी झाला हे पुत्राला पित्याने निर्माण केलेला मानणाऱ्या अरियस या धर्मगुरूलाही मान्य होतं; तरीसुद्धा पुत्र नव्हता अशी एक अवस्था त्याला हवी होती. 325 साली निकियाच्या परिषदेने नेमकं हेच विधान शापित ठरवलं, आणि 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडलेल्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत, पुत्र 'सर्व युगांपूर्वी पित्यापासून जन्मलेला' असं आलं. आता युगंच नसताना 'पूर्वी' म्हणजे काय? या पुस्तकातला सगळा वाद या एका ओळीत सामावलेला आहे. चारही लेखक मात्र तो 'देव' असं सरसकट म्हणून लढतात.

त्यामुळे ही ओळ कागदावर लिहून शेजारी ठेवावी आणि प्रत्येक निबंध संपला की त्याच्यावर लावून बघावी. पुस्तकाचा उपयोग दुप्पट होतो.

वाचण्याचा क्रमही छापलेला धरू नये. गॅन्सल यांची प्रस्तावना आधी, आणि ती गाळायची नाही. 1908 साली ब्रिटिश तत्त्वज्ञ मॅकटॅगार्टने काळाकडे बघण्याच्या ज्या दोन तऱ्हा वेगळ्या केल्या, त्यांची ओळख तिथे होते. एका तऱ्हेत 'आत्ता' हा क्षण खरोखर वेगळा असतो आणि तो पुढे सरकतो. दुसऱ्या तऱ्हेत सगळे क्षण सारखेच खरे असतात. फक्त 'याच्या आधी, त्याच्या नंतर' एवढंच नातं असतं. याला पुस्तकात ए-सिद्धांत आणि बी-सिद्धांत म्हटलंय. हे डोक्यात पक्कं नसेल तर क्रेगच्या निबंधात दहाव्या पानापर्यंतही दम टिकत नाही. प्रस्तावनेनंतर शेवटचा, वोल्टरस्टॉर्फचा निबंध घ्यावा, मग पहिला हेल्मचा. ही दोन टोकं ठोकली गेली की मधले दोघे कुठे उभे आहेत ते कळतं. क्रेग तिसरा, पॅजेट शेवटी.

वोल्टरस्टॉर्फ सर्वांत सोपा, कारण तो बायबलपासून निघतो. बायबलमधला देव बोलतो, ऐकतो, उत्तर देतो, म्हणजे त्याला इतिहास आहे. तो काळातीत आहे असं म्हणणाऱ्यानेच पुरावा आणावा, असा त्याचा रोख. स्तोत्र 90 मधली हजार वर्षं किंवा 2 पेत्र 3:8 यांतून काळातीतपणा निघत नाही हे त्याचं म्हणणं पटतं. हजार वर्षं एका दिवसासारखी वाटायला दिवस तर हवेतच ना! कसोटीवर लावलं तर तो दिसतो तितका धोक्यात नाही. देव अनादी काळापासून प्रत्येक क्षणी आहे आणि पुत्रही प्रत्येक क्षणी आहे, म्हणजे पुत्र नव्हता असा क्षण नाहीच. अरियसचं विधान इथेही खोटंच ठरतं. हातून जातं ते वेगळंच. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन तत्त्वज्ञ बोएथियसने अनंतत्वाची व्याख्या केली ती अमर्याद जीवनाचा एकाच वेळी पूर्ण ताबा अशी. वोल्टरस्टॉर्फच्या देवाकडे तो ताबा नाही. पित्या-पुत्राच्या जीवनातलाही कालचा भाग मागे पडत जातो.

हेल्म याच्या बरोबर उलट. त्याचा हुकमी डाव जागेचा आहे: देव काळात असायलाच हवा हे ज्या युक्तिवादांनी सिद्ध करता, तेच वापरले तर देव जागेतही असायला हवा; आणि ते तर तुम्हाला नको आहे. आक्षेप घेणाऱ्यांची इथे खरी दमछाक होते, या देवाणघेवाणीवर वेळ घालवावा. मतांगीकाराची ओळ हेल्मच्या चौकटीत सहज बसते. पुत्राचा जन्म ही घडून गेलेली घटना नव्हेच, ते कायमचं नातं. 'पूर्वी' म्हणजे काळावर अवलंबून नसणं. अडचण येते देहधारणाशी, म्हणजे पुत्र माणूस झाला या शिकवणुकीशी. बेथलेहेममध्ये जन्मलेला, पिलाताच्या वेळी मेलेला पुत्र काळात आहे यात शंका नाही. मग काळातीत व्यक्तीचं हे चरित्र कसं? ख्रिस्ताचे दोन स्वभाव, दैवी आणि मानवी, वेगळे ठेवून वाट निघते, पण ती पुढे चालून बघायला हे पुस्तक पुरत नाही.

क्रेगचा निबंध सर्वांत धारदार आणि सर्वांत दमवणारा. निर्मितीविना देव काळातीत, निर्मितीपासून काळात, असं त्याचं मत. इथे वाचक हमखास एक घोटाळा करतात: 'निर्मितीच्या आधी देव काळातीत होता' असं वाचतात. क्रेग 'आधी' म्हणतच नाही, 'विना' म्हणतो. काळच नसेल तर आधी कुठून आणणार? ही फट बुजते की नुसती झाकली जाते, यावरचे आक्षेप पुस्तकातले सर्वोत्तम. 'आत्ता' खरोखर सरकत असेल तर आत्ता काय चाललंय हे काळातीत देवाला कळणार नाही, हा त्याचा मुद्दा मात्र बी-सिद्धांत मान्य केल्याशिवाय परतवता येत नाही. आइनस्टाइनच्या 1905 च्या सापेक्षतेत सर्वांसाठी एकच 'आत्ता' उरत नाही, त्यामुळे क्रेगला भौतिकशास्त्रज्ञ लोरेन्ट्झच्या धर्तीवर वेगळा अर्थ लावावा लागतो. भौतिकशास्त्राची सवय नसेल तर हा भाग पहिल्या वाचनात ओलांडला तरी चालेल.

त्रैक्याची खरी गरज क्रेगलाच आहे. काळाविना असलेला एकटा देव व्यक्ती कसा, त्याला संबंध कुणाशी? याला उत्तर म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची बदल न होणारी परस्पर प्रीती. योहान 17:24 मध्ये जगाच्या स्थापनेपूर्वीच्या ज्या प्रीतीचा उल्लेख आहे, ती. अन्यत्र क्रेगने हे उत्तर वापरलं आहे. तोच क्रेग पुत्राचा अनादी जन्म हा सिद्धांत मात्र स्वीकारत नाही, त्याला बायबलमध्ये आधार नाही म्हणतो. हे माहीत नसलेला वाचक मतांगीकाराची ओळ त्याच्यावर लावायला जातो आणि ती लागत का नाही हे त्याला कळत नाही.

पॅजेटचा निबंध मवाळ, म्हणून दुर्लक्षित. देवाचा काळ आपल्यासारखा मोजता येत नाही, कारण मोजमापाला निसर्गनियम लागतात आणि देव त्यांच्या अधीन नाही. तेव्हा 'किती पूर्वी?' हा प्रश्नच बाद. 'पूर्वी' तरी शिल्लक राहतं की नाही, यावर तो हवा तितका स्पष्ट नाही.

पुस्तक गटात शिकवणार असाल तर दोन चुका आधीच अडवाव्यात. पहिली म्हणजे त्रैक्यातल्या तिघांना कालपट्टीवर बसवणं: जुन्या करारात पिता, शुभवर्तमानांत पुत्र, नंतर आत्मा. थोडं पुढे गेलं की हा चर्चने पाखंडी ठरवलेल्या सबेलियसचाच एकच देव, तीन मुखवटे असलेला. बाराव्या शतकात फिओरेच्या जोआकिमने इतिहासाची तीन युगं तिघांच्या नावे लावली होती, तोही याच मोहाचा सभ्य अवतार म्हणायचा. दुसरी चूक म्हणजे जन्म आणि पाठवणी एक धरणं. पुत्राला जगात पाठवलं ते काळात, त्याचं पित्यापासून असणं तसं नाही. यावर चौथ्या शतकातला बिशप, नाझियान्झसचा ग्रेगरी, याचं तिसरं धर्मशास्त्रीय व्याख्यान जोडीला ठेवावं. पुत्र 'केव्हा' जन्मला असं विचारणाऱ्यांना त्याने तिथे फैलावर घेतलंय तसं या पुस्तकात कुणी कुणाला घेत नाही.

पुस्तकाचं वय जाणवतं. अनादी जन्माच्या सिद्धांताला धर्मशास्त्रज्ञांनी 2001 नंतर नव्याने उचलून धरलं, आणि काळातीत देवावरचे हल्लेही तिखट झाले, त्यातलं काही इथे असणं शक्य नाही. प्रवचनाची तयारी म्हणून घेणाऱ्याला हेल्म आणि वोल्टरस्टॉर्फ, त्यांच्यावरच्या आक्षेपांसह, पुरेसे आहेत. अभ्यासकाने सगळं वाचावं, आणि क्रेग दोनदा.