शार्लट हॉल म्युझियम, प्रेस्कॉट: एक तासात होत नाही!
उन्हाळ्यात आई फिनिक्सला आली की तिला न्यायचं कुठं हा दरवर्षीचा प्रश्न, बाहेर नुसती भट्टी पेटलेली असते. म्हणून यावेळी प्रेस्कॉट, ॲरिझोनातलंच डोंगरातलं गाव, दोनेक तासांचा ड्राइव्ह आणि वर हवा एकदम मस्त. म्युझियममध्ये "तासाभरात उरकू" म्हणून शिरलो आणि जेवायला चार वाजले.

एकच बिल्डिंग नाहीये, मोठं आवार आणि त्यात जुनी घरं. मेन बघायचं ते 1864 चं गव्हर्नरचं घर. नाव मॅन्शन, पण आहे सगळं ओंडक्यांचं! आई लगेच, "अगं, आपल्या चावडीची ओसरी याहून मोठी." पण जवळ जाऊन बघा, पाइनचे आख्खे ओंडके एकावर एक रचलेत, कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेत, मधल्या फटी लिंपल्यात. आणि घर अजून मूळ जागेवरच उभं आहे, ते मला फार आवडलं.

हे टिकलं ते शार्लट हॉल या बाईंमुळे, म्युझियमला नाव त्यांचंच. 1870 चा जन्म, कॅन्ससहून घरच्यांबरोबर ॲरिझोनात आल्या तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या, वाटेत घोड्यावरून पडल्या आणि पाठीचं दुखणं जन्मभर मागे लागलं. तरी रँच सांभाळली, कविता लिहिल्या, 1909 मध्ये सरकारी इतिहासकार झाल्या, टेरिटरीच्या (म्हणजे राज्य होण्याआधीच्या ॲरिझोनाच्या) सरकारी पदावरची पहिली बाई, आणि तेव्हा तिथं बायकांना मताचा हक्कसुद्धा नव्हता. जुन्या लोकांच्या आठवणी, वस्तू गोळा करत घोडागाडीतून पार ग्रँड कॅन्यनच्या पलीकडे फिरल्या. 1925 ला राष्ट्राध्यक्ष कूलिजना मिळालेली राज्याची इलेक्टोरल मतं (राष्ट्राध्यक्ष निवडायची राज्याची अधिकृत मतं) वॉशिंग्टनला पोचवायला यांनाच पाठवलं, तर बाई तांब्याच्या जाळीचा ड्रेस घालून गेल्या, कारण ॲरिझोना म्हणजे तांब्याच्या खाणी. मार्केटिंग म्हणावं तर हे!

1927 मध्ये गावाशी करार करून हे घर मिळवलं, जमवलेलं सगळं इथं आणलं, पुढच्या वर्षी म्युझियम उघडलं आणि स्वतः इथंच राहायला लागल्या.

फोर्ट मिझरी चुकवू नका, नावाला फोर्ट, खरं तर एवढीशी लाकडी केबिन. पायोनियर, म्हणजे सुरुवातीला इथं येऊन वसलेल्या बायकांच्या आठवणीत लावलेली गुलाबाची बाग पण आहे, आई तिथून हलायलाच तयार नव्हती, छाटणी कशी केलीय ते वाकून वाकून बघत होती. पाच स्टार. फक्त सकाळीच जा आणि डबा बरोबर ठेवा.