गोव्यात गोटा-पट्टीची ओढणी : धातूची घ्यावी की प्लॅस्टिकची?

चवथीसाठी किंवा डिसेंबरातल्या लग्नांसाठी गोटा-पट्टीची ओढणी मागितली, की दुकानदार दोन प्रकार पुढ्यात टाकतो. एक जरा जड, मंद सोनेरी आणि महाग. दुसरी हलकी, लखलखीत आणि बऱ्यापैकी स्वस्त. दोन्हींना तो गोटा-पट्टीच म्हणतो आणि त्यात खोटं काही नाही. काम तेच, फीत वेगळी.

गोटा ही विणलेली फीत. उभे धागे सुती किंवा रेशमी आणि आडवा बादला, म्हणजे चपटी केलेली धातूची तार. एके काळी ती सोन्याचांदीची असे. आज ‘धातूचा गोटा’ म्हणून मिळतो तो बहुतेक तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेला. प्लॅस्टिक गोट्यात तारेच्या जागी पॉलिएस्टर फिल्मची बारीक पट्टी असते, तिच्यावर धातूचा पातळ थर. पुढे दोन्ही फितींचं एकच होतं: कापायची, दुमडून पानं-पाकळ्या, शंकरपाळ्या करायच्या आणि कापडावर हाताने टाचायच्या. या कामाचं माहेर राजस्थान. जयपूरजवळचं नायला गाव त्यासाठी ओळखलं जातं.

ओळखायचं कसं? काठाची पट्टी चिमटीत दुमडून सोडा. धातूची घडी धरून ठेवते, प्लॅस्टिकची उसळून परत सरळ होते. घरी आणल्यावरही शंका असेल, तर आतल्या टोकाचा एखादा धागा जाळून बघा: प्लॅस्टिक आकसून गोळी होतं, धातूची तार उरते.

दिसण्यात धातूचा गोटा सरस आहे, यावर माझं दुमत नाही. समईच्या, पणत्यांच्या उजेडात तो जो उबदार दिसतो, ते प्लॅस्टिकला जमत नाही. प्लॅस्टिकचा गोटा भर दुपारी डोळ्यांवर येतो आणि फ्लॅशच्या फोटोत पांढरा फटक पडतो.

पण ओढणी जयपुरात नाही, गोव्यात वापरायची आहे. राजस्थानची कोरडी हवा कुठे आणि वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस झेलणारा आपला किनारा कुठे! दमट खारी हवा आणि घाम तांब्याला मानवत नाहीत. मुलाम्याला कुठे बारीक ओरखडा गेला, की तिथून गोटा काळवंडायला लागतो. आधी मानेजवळचा आणि खांद्यावरचा, कारण घाम तिथे. अबोलीची किंवा जायांची फाती, म्हणजे गजरा, पाणी शिंपडून माळली, तर ते थेंबही तिथेच उतरतात. आणि समईसारखी चिंच लावून ही काळजी मिटत नाही; गोटा उजळेल न उजळेल, कापड मात्र जाईल. अत्तर, स्प्रे आधी मारून वाळू द्यायचे, ओढणी मग घ्यायची.

प्लॅस्टिकला या हवेचं सोयरसुतक नाही. त्याची दुखणी वेगळी. गरम इस्त्री लागली की वितळतो, आणि स्वस्त मालात पानं शिवण्याऐवजी डिंकाने चिकटवलेली असतात, ती घामाने सुटतात. फिल्मची कापलेली कड मानेला टोचते, म्हणून घेण्याआधी काठ गळ्यावर घासून बघा. दुकानात थोडं विचित्र दिसतं, दिसू दे. उलटी बाजूही बघा: हाताचे टाके दिसले तर बरं, डिंकाचे डाग दिसले तर ठेवून द्या.

चवथीला फुगडी घालणार असाल, तर निवड सोपी आहे. ओढणी कमरेला खोचली जाणार, घामाने भिजणार: हलक्या जॉर्जेटवर प्लॅस्टिक गोटा, काठापुरता. लप्पा म्हणजे रुंद गोटा नको, आणि काठाला किरण म्हणजे झालर तर नकोच. ती बांगड्यांत अडकते. जत्रेलाही हीच. धातूचा गोटा मी फक्त नवरीसाठी किंवा तिच्या बहिणींसाठी घेईन, तोही नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या लग्नाला. मे महिन्यातल्या दुपारच्या मुहूर्ताला नाही.

गोट्याऐवजी जरदोजीची, म्हणजे धातूच्या तारेच्या जड भरतकामाची ओढणी सुचवली जाते, पण ती खांद्यावरून ओघळत राहते आणि इथल्या उकाड्यात अंगाला जड होते. बनारसी ओढणीत जरीची तार विणीतच असते, त्यामुळे सुटण्याचा प्रश्न नाही. काळी मात्र तीही पडते.

धातूची घेतलीत तर पावसाळ्याआधी थोडं ऊन दाखवून, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो. डांबराच्या गोळ्या गोट्याला टेकू देऊ नका आणि अधूनमधून घडी बदला, नाहीतर तार घडीवरच तुटते.

मधला मार्गही आहे. साधी ओढणी घ्या, लेस-फितींच्या दुकानातून मीटरवर गोटा आणा आणि ओळखीच्या शिंप्याकडून हाताने टाचून घ्या. अडीच मीटरच्या ओढणीला चारही बाजूंनी लागणारी फीत सात मीटरच्या आसपास जाते, कोपऱ्यांसाठी थोडी जास्तच आणा. काठ खराब झाला तर तेवढाच उसवून नवा लावता येतो.