नदीत पिल्लं सोडायची की नदी थंड ठेवायची?

आमच्या नदीकाठच्या गळवाल्यांच्या क्लबात पुढच्या महिन्यात मतदान आहे. शिलकीतले पैसे एकाच कामाला पुरतील. एका गटाचं म्हणणं, उबवणी केंद्र काढू आणि दर वसंतात सॅमनची पिल्लं नदीत सोडू. दुसऱ्या गटाचं म्हणणं, वरच्या ओढ्यांच्या काठाने झाडं लावू, अडलेल्या वाटा मोकळ्या करू आणि मासा मारणं पूर्ण बंद ठेवू. मी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ डी नदीच्या काठी राहते. इथे तेलकंपन्यांत नोकरीला आलेली मराठी मंडळी आहेत, त्यातले तिघं क्लबाचे सभासद झालेत. "ताई, मत कुणाला द्यायचं?" असं त्यांनी विचारलं, म्हणून हे लिहायला बसले. आपल्याकडे ज्यांच्या गावात नदीत मत्स्यबीज सोडायचा ठराव येतो, त्यांनाही हे उपयोगी पडेल.

आधी एक खुलासा. मुंबईच्या हॉटेलात 'इंडियन सॅमन' म्हणून ताटात येतो तो आपला रावस. त्याचा या सॅमनशी काही संबंध नाही. हा सॅमन थंड ओढ्यातल्या खडीत जन्मतो, दोन-तीन वर्षं तिथेच वाढतो, मग अंगावर रुपेरी झाक चढते आणि तो समुद्रात उतरतो. ग्रीनलंडपर्यंत जातो, एक-दोन-तीन वर्षांनी परत येतो तो बहुधा त्याच नदीत आणि पुष्कळदा त्याच ओढ्यात. ट्राउट त्याचा चुलतभाऊ. एकाच जातीचे काही ट्राउट जन्मभर नदीत राहतात, काही समुद्राची फेरी मारून येतात.

आणि हा मासा झपाट्याने कमी होतो आहे. २०२३ मध्ये अख्ख्या स्कॉटलंडमध्ये गळाला लागलेले सॅमन ३२ हजारांच्या थोडे वर भरले. १९५२ पासूनच्या नोंदींतला हा नीचांक. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन 'संकटग्रस्त' ठरवला. तेव्हा 'काहीतरी करायलाच हवं' या भावनेत दोन्ही गट एकच आहेत. वाद आहे तो काय करायचं याचा.

उबवणी केंद्राची बाजू

हिशेब मोहात पाडणारा आहे. मोठी मादी पाच-सहा हजार अंडी घालते. नदीत त्यातली फार थोडी जगून समुद्रापर्यंत पोचतात. पूर येतो, खडी गाळाने बुजते, बदकं आणि मोठे मासे ताव मारतात. तीच अंडी ट्रेमध्ये स्वच्छ वाहत्या पाण्याखाली ठेवली तर बहुतेक सगळी फुटतात. वसंतात बादल्या भरून पिल्लं, काठावर शाळेची मुलं, वर्तमानपत्रात फोटो. काम झाल्याचं डोळ्यांना दिसतं. मुलांना नदीपाशी आणण्याची ताकद त्या बादलीत आहे, हे मी मनापासून मान्य करते.

पण ओढ्यात जागा किती? सॅमनचं पिल्लू आपापला दगड धरून राहतं आणि शेजाऱ्याला जवळ येऊ देत नाही. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत गावाकडून आणखी आठ पाहुणे आले म्हणून खोली मोठी होत नाही, तसंच हे आहे. ओढा आधीच भरलेला असेल तर नवी पिल्लं जुन्यांना हुसकावतात, किंवा स्वतः मरतात, आणि शरद ऋतूत मोजणी केली की आकडा जवळपास तिथेच असतो.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात हे १९७० च्या आसपास फार नेटकेपणाने तपासलं गेलं. डिक विन्सेंट या मत्स्यशास्त्रज्ञाने मॅडिसन नदीच्या एका पट्ट्यात केंद्रातले ट्राउट सोडणं थांबवलं, आणि ओडेल क्रीक या शेजारच्या ओढ्यात, जिथे पूर्वी सोडत नव्हते, तिथे सुरू केलं. मॅडिसनच्या पट्ट्यात नदीतच जन्मलेले ट्राउट भराभर वाढले, त्यातले रेनबो जातीचे तर कित्येक पटींनी. ओडेल क्रीकमधले ब्राउन ट्राउट जवळपास निम्म्यावर आले. गळवाल्यांनी खूप आरडाओरडा केला, दुकानदार चिडले, तरी १९७४ मध्ये मोंटानाने, जिथे ट्राउट आपले आपण वाढतात अशा नद्यांत मासे सोडणं बंद केलं. आजही तिथल्या नद्यांवर गळ टाकायला जगभरातून लोक जातात.

दुसरी अडचण खोलवरची आहे. टाकीत वाढलेलं पिल्लू काय शिकतं? वरून सावली पडली की खाणं येतं. नदीत वरून सावली पडते ती बगळ्याची. हे शिकणं एका पिढीचं म्हणून सोडून देता येईल, पण निवडही होत असते: टाकीत जे तगतात तेच नदीत जातात, आणि त्यांचं रक्त जंगली माशांत मिसळतं. अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या हूड नदीच्या स्टीलहेडवर, म्हणजे समुद्राची फेरी मारणाऱ्या रेनबो ट्राउटवर, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की केंद्रात काढलेल्या प्रत्येक पिढीमागे, नदीत जाऊन संतती वाढवण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घसरते. माझं मत फिरलं ते हे वाचून. वेल्सने २०१४ मध्ये सॅमनची सरकारी उबवणी बंद करायचं ठरवलं, त्यामागेही असाच विचार होता.

केंद्रवाले हमखास टाइन नदीचं उदाहरण देतात. न्यूकॅसलची ही नदी कोळसा आणि कारखान्यांच्या घाणीने मेली होती, १९५९ साली तिथे गळाला एकही सॅमन लागला नाही. पुढे वरच्या अंगाला किल्डर धरण झालं, त्यात बुडालेल्या ओढ्यांच्या भरपाईसाठी उबवणी केंद्र निघालं, आणि आज टाइन इंग्लंडातली नावाजलेली सॅमन नदी आहे. गोष्ट खरी आहे, श्रेय मात्र भलतीकडे जातं. मासे परतले ते मुख्यतः खाडीतलं सांडपाणी आवरलं म्हणून. खालचं पाणी श्वास घेण्याजोगं झालं आणि थोडेफार उरलेले मासे आपणहून वर चढले. केंद्राचा हातभार लागला, पण छोटा.

लोणावळ्याची गोष्ट

आता आपल्या घरातलं उदाहरण, कारण ते या वादात सगळ्यात जास्त शिकवतं. माझं माहेर महाड तालुक्यातलं. तिथे काळ नदीवर वाळण कोंड आहे, वरदायिनीच्या देवस्थानाचा डोह. त्यातल्या खडस माशांना (खडस म्हणजे महसीरचाच एक प्रकार) कुणी हात लावत नाही, ते देवीचे मासे. लहानपणी आम्ही कठड्यावरून चुरमुरे टाकायचो. आधी बारकी पिल्लं वर यायची, मग हातभर लांबीची, आणि शेवटी खालच्या काळ्या पाण्यातून एखादं धूड सावकाश वळताना दिसायचं, ताटलीएवढाले खवले उन्हात एकदाच चमकायचे. आजी आमचे हात मागे ओढायची. केंद्र नाही, बादली नाही. एक डोह आणि 'इथे नाही मारायचं' हा शब्द.

दुसरीकडे लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी १९७० च्या दशकापासून खडसाची पैदास सुरू झाली. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी धरणांनी अडचणीत आलेला मासा वाचवण्यासाठी आयुष्यातली वर्षं घातली. काम अस्सल होतं, हेतू स्वच्छ होता. तिथल्या बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, देशभर गेल्या, कावेरीतही गेल्या. पण कावेरीत खडस मुळातला नव्हता. तिथे तिचा स्वतःचा महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, ५० किलोंच्या वर जाणारा. कावेरीकाठी गलिबोरेच्या गळवाल्यांच्या तळावर १९९८ ते २०१२ अशा नोंदवह्या ठेवलेल्या होत्या. त्या पुढे संशोधकांनी उलगडल्या तेव्हा दिसलं की निळ्या परांचा खडस वर्षागणिक वाढत गेला आणि कुबडवाला जवळजवळ दिसेनासा झाला. त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला. धरणं, वाळूउपसा आणि सुरुंगाने होणारी मासेमारी यांचाही त्यात वाटा आहे, सगळा दोष बोटुकल्यांवर टाकणं अन्यायाचं होईल. पण मासा 'वाढला' म्हणून नदी सुधारली असं लोकांना वाटत राहिलं, आणि कोणता मासा वाढतो आहे हे कुणी विचारलं नाही.

म्हणून आमच्या क्लबाच्या सभेत मी पहिला प्रश्न हाच विचारला: पिल्लं कुठल्या ओढ्याच्या माद्यांची? उत्तर आलं, "मिळतील त्या." स्कॉटलंडात सॅमन सोडायला कायद्याने संमती लागते ते याचसाठी.

झाडं, वाटा, थंड पाणी

गेल्या ऑगस्टअखेर मी ओढ्यातल्या पिल्लांच्या मोजणीला गेले होते. छातीपर्यंत रबरी विजार, एकाच्या पाठीवर बॅटरी, हातात टोकाला कडं असलेली काठी. कडं पाण्यात धरलं की हलका झटका बसून पिल्लं त्या कड्याकडे ओढली जातात, दुसऱ्याने जाळीत घ्यायची. बादलीतून एक ओल्या हातावर घेतलं. बोटाएवढं. अंगावर निळसर-करड्या पट्ट्या, कुणी शाईची बोटं टेकवावीत तशा ओळीने, आणि प्रत्येक दोन पट्ट्यांच्या मध्ये एकच लाल ठिपका. पट्टीवर मापलं, आकडा सांगितला, सोडलं. ते पळालं नाही, एका दगडाच्या आडोशाला गेलं आणि प्रवाहाकडे तोंड करून थांबलं.

त्या ओढ्यात वरच्या उघड्या माळावर पिल्लं विरळ होती. अर्ध्या मैलावर खाली जुन्या अल्डर झाडांच्या सावलीत दाट. पाणी तेच, दगड तेच. पाणी २३ अंशांवर गेलं की सॅमनची पिल्लं चरणं सोडतात, आणि २०१८ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडातल्या अनेक नद्या ती रेघ ओलांडून गेल्या. डीच्या वरच्या खोऱ्यात हरणांनी आणि शिकारीच्या माळरानांनी झाडं उरू दिलेली नाहीत. म्हणून नदीच्या ट्रस्टने २०३५ पर्यंत दहा लाख झाडं लावायचा संकल्प केला आहे: विलो, बर्च, रोवन, अल्डर. झाडं सावली देतात, पानं पाण्यात पडून किड्यांना खाऊ होतो, उन्मळलेल्या खोडाने डोह तयार होतो.

याच यादीत बंधारे येतात. पीटरकल्टरला जुन्या कागद गिरणीच्या बंधाऱ्याने एक अख्खा ओढा माशांना पिढ्यान्‌पिढ्या बंद केला होता. बाजूने चढण्याची वाट काढली आणि वरचं पाणी खुलं झालं. असा अडथळा तुमच्या नदीवर असेल तर पहिला पैसा तिथेच घाला, मी दुसरा विचारही करणार नाही. एका मोसमात फरक दिसतो.

झाडांचा तोटा उघड आहे. रोप कंबरेएवढं व्हायलाच वर्षं जातात, हरणांसाठी कुंपण घालावं लागतं, फोटोत काही दिसत नाही. आणि समुद्रात काय होतं यावर झाडांचा इलाज नाही. आमच्या गिर्नॉक ओढ्यावर १९६६ पासून येणारे-जाणारे मासे मोजतात. तिथे परतणाऱ्या माद्या तेव्हाच्या मानाने कितीतरी कमी झाल्या आहेत, आणि त्याचं बरंचसं कारण समुद्रात आहे. पण म्हणूनच नदीतून समुद्राकडे जाताना पिल्लं जास्तीत जास्त आणि धडधाकट हवीत. आपल्या हातात तेवढंच आहे.

पकडून सोडणं

"खायचा नाही तर पकडायचा कशाला?" हा आईचा प्रश्न. मला पहिली दोन वर्षं उत्तर देता आलं नाही. आता देते. इथे मासेमारीचा हक्क खासगी मालकीचा असतो, त्यावरच्या आकारणीतून नदीची राखण होते. गळवाले गेले की राखणदारही जातात. डीवर १९९५ पासून मासे सोडून द्यायची रीत आहे. २०१६ पासून सरकार दरवर्षी नद्यांची वर्गवारी करतं, तिसऱ्या वर्गातल्या नदीत एकही सॅमन मारता येत नाही. काटा बिनआकड्याचा, मासा पाण्यातच ठेवून सोडवायचा, पाणी २० अंशांवर गेलं तर गळ टाकायचाच नाही. एक मादी सोडणं म्हणजे पाच हजार अंडी, तीही फुकट, आणि त्या ओढ्याचीच.

मग उबवणी कधी?

मासे इतके उरले असतील की ओढ्यात नर-मादीची गाठच पडत नाही, तेव्हा. कॅनडात फंडीच्या उपसागराच्या नद्यांत तशी वेळ आली. तिथे नदीतूनच समुद्राकडे निघालेली जंगली रुपेरी पिल्लं धरतात, समुद्रातल्या पिंजऱ्यात मोठी करतात आणि अंडी घालायला त्यांच्याच नदीत सोडतात. जोडीदार ती स्वतः निवडतात, पिल्लं खडीत वाढतात. डीच्या वरच्या अंगाला वसंतात येणाऱ्या सॅमनसाठी असाच प्रयत्न सुरू झाला आहे. तो शास्त्रज्ञांच्या देखरेखीचा विषय आहे, क्लबाच्या शेडमध्ये ट्रे मांडून होणारा नाही. बंदिस्त तळ्यात गळ टाकण्यापुरते ट्राउट सोडायचे असतील तर हरकत नाही. इंग्लंडात नदीत सोडायचे ब्राउन ट्राउटही २०१५ पासून वांझ, नाहीतर तिथल्याच स्थानिक माशांची पिल्लं असावे लागतात.

तिघांना मी सांगितलं ते असं. मतदानाआधी क्लबाकडून दोन गोष्टी मागा: गेल्या तीन उन्हाळ्यांचं ओढ्यांचं तापमान आणि पिल्लांची मोजणी. पिल्लं भरपूर असतील तर आणखी सोडून उपयोग नाही. पिल्लं नाहीत आणि पाणी तापतं आहे, तर सोडलेलीही तिथेच मरतील. पिल्लं नाहीत, पाणी थंड आहे, वाट मोकळी आहे आणि माद्याच येत नाहीत, एवढ्या एकाच परिस्थितीत उबवणीचं बोलायचं. आमच्या तीन ओढ्यांपैकी दोन तापतात, तिसऱ्यावर रस्त्याखालचा पाइप इतका उंच बसवला आहे की मासा चढूच शकत नाही. माझं मत त्या पाइपला आहे, आणि उरलेल्या पैशांच्या रोपांना. रोपं नोव्हेंबरात येतात. हातमोजे आणि जाड मोजे घेऊन यायचं, वरती वारा बोचरा असतो.