अतिनील फिल्टर: फोटो अप्रतिम, पण आमचा पावसाळा या काचेला सोसत नाही

परवा डबा उघडला तर फुलांचे अतिनील फोटो काढायच्या माझ्या फिल्टरच्या निळसर काचेवर दुधी साय धरलेली. पुसूनही जात नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं, ‘ओलाव्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.’ ही एस८६१२ नावाची काच दमट हवेत खराब होते हे विकणाऱ्याला ठाऊक असतं. मग साताऱ्याच्या पत्त्यावर पाठवताना सिलिका जेलची एक पुडी आणि सूचनेची एक ओळ टाकायला काय जात होतं?

इतका राग एका काचेपायी, कारण सगळा खेळ तिच्यावर आहे. फिल्टरमधली पुढची काच, यू-३४०, अतिनील सोडते, पण ७०० नॅनोमीटरच्या आसपास अवरक्तही गळू देते, आणि फुल स्पेक्ट्रम केलेल्या, म्हणजे आतला अतिनील-अवरक्त अडवणारा फिल्टर काढलेल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरला अवरक्तच कितीतरी जास्त दिसतं. ती गळती निळी काच अडवते. ओळखायचं पानांवरून: पानं काळी आली तर फोटो अतिनीलचा, पांढरी आली तर अवरक्त घुसलंय.

लेन्स जुनी एल-निकॉर ८० मिमी, एन्लार्जरची, म्हणजे डार्करूममध्ये फोटो मोठा करायच्या यंत्राची. तिच्याबद्दल तक्रार नाही. व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे कॅमेऱ्याला पांढरं काय ते दाखवायला, महागडा पांढरा ठोकळा घेऊ नका. नळाला गुंडाळायची टेफ्लॉन टेप चार-पाच पदर करून ठोकळ्याऐवजी वापरा, काम चोख होतं.

कास पठारावर वारा फार. उन्हातही एक्स्पोजर सेकंदांत जातं, सोनकीचं फूल तेवढा वेळ स्थिर थांबत नाही. वैतागून दारातल्या सूर्यफुलावर कॅमेरा लावला आणि थक्क झाले. डोळ्यांना अखंड पिवळी दिसणारी पाकळी टोकाला उजळ, बुडाशी काळी! तिथली फ्लॅव्होनॉल द्रव्यं अतिनील शोषतात.

तेव्हा वाटलं, हेच आपल्या सातेरी मधमाशीला दिसतं. आता तसं म्हणणार नाही. मधमाशीला अतिनीलबरोबर निळा आणि हिरवाही दिसतो, म्हणून नुसता काळा-पांढरा फोटो अर्धाच. आता ट्रायपॉड न हलवता अतिनील आणि अवरक्त दोन्ही अडवणारा यूव्ही-आयआर कट फिल्टर लावून साधा फोटोही घेते. दोन्ही शेजारी ठेवले की फूल खरं कळतं. या जोडीसाठी मी पुन्हा पैसे घालायला तयार आहे.

नवी काच मागवलीय, दुसऱ्या दुकानातून. येईल तशी हवाबंद डब्यात जाईल. जेलचा रंग बदलला की पुडी लगेच बदला, हंगाम संपायची वाट पाहू नका.