न्यायदेवतेची नवीन मूर्ती (उघड्या डोळ्यांची, साडीतली) – घ्यावी का? माझा अनुभव

ऑफिससाठी न्यायदेवता घ्यायचीय पण जुनी, डोळ्यांवर पट्टीवाली घ्यावी की नवीन साडीवाली, असं बरेच ज्युनिअर वकील विचारतात म्हणून लिहितेय. मी नवीन घेतली, ऑनलाइनच, फूटभर उंचीची, पांढऱ्या रेझिनची. एका वाक्यात सांगायचं तर घ्या, पण डोळे आणि तराजू नीट तपासून घ्या.

२०२४ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाच्या जजेस लायब्ररीतला जो पुतळा सगळ्या बातम्यांत आला होता ना, त्याचीच ही छोटी प्रतिकृती. न्या. चंद्रचूड सरन्यायाधीश असताना त्यांनी तो बनवून घेतला. उजव्या हातात तराजू तसाच आहे, डाव्या हातात तलवारीच्या जागी संविधान, डोळ्यांवर पट्टी नाही, अंगावर साडी, डोक्यावर मुकुट. सुप्रीम कोर्टाच्या बार असोसिएशनने तेव्हा आक्षेप घेतला होता की आम्हाला न विचारता हे का बदललं, आणि विचारायला हवं होतं हे मलाही पटतं. पण मूर्ती मला पहिल्या फोटोपासूनच आवडलेली.

कारण माझं काम. माझ्याकडे पोटगी, घरगुती हिंसाचार, माहेरच्या जमिनीतला हिस्सा अशाच केसेस जास्त, समोरच्या खुर्चीत बहुतेक वेळा बाईच असते. आधी टेबलावर पितळी पट्टीवाली होती, वकिलीची सनद मिळाली तेव्हा भेट आलेली. पट्टीचा अर्थ आपल्याला कॉलेजात शिकवतात, गरीब-श्रीमंत, आपला-परका काही बघायचं नाही. अर्थ चांगलाच आहे. पण बाईच्या केसमध्ये परिस्थिती बघितलीच नाही तर काय होतं हे आपल्याच महाराष्ट्रात घडलंय. १९७२ सालची देसाईगंज पोलीस ठाण्यातली मथुरा नावाच्या मुलीवरच्या बलात्काराची केस. गरीब आदिवासी मुलगी, रात्रीची वेळ, समोर पोलीस, आणि सुप्रीम कोर्टाने अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही हे धरून दोन्ही पोलिसांना सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा रद्द केली. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चौघा अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलावा लागला. ठाण्यात ती मुलगी कोणासमोर उभी होती एवढं जरी बघितलं असतं तरी निकाल वेगळा लागला असता असं मला कायम वाटत आलंय.

आणि पट्टी काही मुळापासूनची नाही बरं का. रोमन लोकांची देवता उघड्या डोळ्यांचीच होती. १४९४ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलला छापलेलं एक चित्र आहे, त्यात एक मूर्ख माणूस मागून येऊन तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधतोय, म्हणजे तेव्हा ती टीका होती! निःपक्षपातीपणाचा अर्थ नंतर चिकटला. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टावरच्या पुतळ्यालाही पट्टी नाही.

आता प्रत्यक्ष मूर्तीबद्दल. पॅकिंग चांगलं होतं, थर्माकोलमध्ये घट्ट बसवलेली. तरी तराजूचं एक पारडं साखळीतून निघून आलं आणि दुसरी साखळी एक कडी जास्त लांब, त्यामुळे पारडी सरळ राहीनात. न्यायदेवतेचा तराजू एका बाजूला झुकलेला, आणि तो पक्षकारासमोर ठेवायचा, हे मला अजिबात चालण्यासारखं नव्हतं. विक्रेत्याला फोटो पाठवले, त्याने काही न बोलता नवीन तराजू पाठवून दिला, तो व्यवस्थित आहे. दुसरं म्हणजे डोळे. बुबुळं हाताने रंगवलेली आहेत आणि माझ्या मूर्तीत डावं बुबुळ किंचित वर गेलंय, त्यामुळे खुर्चीतून बघितलं तर ती छताकडे बघतेय असं वाटतं. अख्ख्या मूर्तीचा मुद्दाच डोळे आहेत, तिथेच घाई करून कसं चालेल? ऑर्डर देण्याआधी चेहऱ्याचा जवळून काढलेला फोटो मागा. साडीच्या निऱ्या मात्र फार सुंदर आहेत, पुस्तकावरची अक्षरंही स्वच्छ वाचता येतात.

ते पुस्तक मला सगळ्यात जास्त उपयोगी पडतंय. मागे एक ताई आल्या होत्या, भावांनी हक्कसोडपत्र (माहेरचा हिस्सा सोडल्याचा कागद) तयार करून ठेवलेलं, फक्त सही बाकी, वर साडीचोळीचं आश्वासन. कायद्याचं बोलायला लागले की त्या मान खाली घालून बसायच्या. मूर्तीकडे बघत म्हणाल्या, हिच्या हातात पोथी कसली? मग मी तिथूनच सुरुवात केली, संविधानातली समानतेची कलम १४, कलम १५, मग वारसा कायद्यातला १९९४ चा आपल्या महाराष्ट्राचा बदल, २००५ चा केंद्राचा, आणि २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल की मुलीचा हक्क जन्मानेच आहे, २००५ ला वडील हयात असायलाच पाहिजेत असं नाही. त्यांनी त्या दिवशी सही केली नाही, विचार करते म्हणाल्या. तलवारीकडे बोट दाखवून मला हे कधीच सांगता आलं नसतं.

किंमत दोन हजारांच्या आत, त्या मानाने काम बरं आहे. धूळ पटकन दिसते, मऊ ब्रशने झटकायची, ओल्या फडक्याने पुसू नका, पुस्तकावरचा सोनेरी रंग उतरतो. पाचपैकी चार स्टार, एक डोळ्यांसाठी कापला. पितळेत अशीच मूर्ती कोणी घडवत असेल तर जरूर कळवा, आमच्या कोर्टातल्या अजून दोघी-तिघींना हवीय, आणि तराजू ओतीव नको, साखळीवर हलणारा हवा.